तिसरं वाक्य

३ ऑगस्ट, सोमवार

आले एकदाची! छत्तिसाव्या वर्षी होस्टेलात राहायला आलेली बाई बघून रखवालदाराने मला कुणाची तरी आईच समजलं. तुमच्या मुलीची खोली कितवी, म्हणून विचारत होता. ती मुलगी मीच, असं सांगितल्यावर बिचारा ओशाळला आणि मुकाट्याने माझी बॅग तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली. वयाचा तेवढा तरी फायदा झाला.

खोली आवडली. दोन खाटा, दोन टेबलं, एक खिडकी. खिडकीतून हॉस्पिटलची मागची बाजू दिसते. चादरींनी भरलेली गच्ची, ऑक्सिजनच्या सिलिंडरांची रांग, आणि तळघरात उतरणारा एक उतार. एक्स-रे विभाग त्या उताराच्या टोकाला आहे. पुढची दोन वर्षं शिकायला तिथे.

खोलीतली दुसरी मुलगी एकोणीस वर्षांची, माझ्याच वर्गातली. इतकी बोलते की तासाभरात मी मनातल्या मनात तिचं नाव टिटवी ठेवून टाकलं. ती मला मावशी म्हणते. चालेल.

ताईला फोन करून सुखरूप पोहोचल्याचं कळवलं. बालवाडी बंद पडल्यावर वर्षभर मी घरी बसून भिंती बघत होते, तेव्हा हा फॉर्म तिनेच आणून माझ्यापुढे टाकला होता. म्हणाली, बारा वर्षं पोरांना गप्प बसवलंस, आता हाडांना बसव. हाडं निदान उलट उत्तर देत नाहीत.

ही वही माझी. कॉलेजची वही वेगळी.

५ ऑगस्ट, बुधवार

सकाळी वर्ग, दुपारी विभागात काम. वर्गात चोवीस जण आहेत आणि सगळ्यांत थोरली मी. शिकवायला एकच मॅडम. बारीक, ताठ, खडूचा एक कण साडीवर पडू न देणाऱ्या. पहिल्याच तासाला त्यांनी छातीचा एक्स-रे लावला आणि मागच्या बरगड्या मोजायला लावल्या. दहा दिसल्या तर पेशंटने पुरता श्वास घेतलाय. आठच दिसल्या तर आपण त्याला नीट सांगितलेलं नाही, दोष आपला. असं म्हणून त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की आम्ही सगळ्यांनीच श्वास घेतला.

विभागात नाना आहेत. बत्तीस वर्षं हेच काम. केस पांढरे, चष्मा दोरीला, तोंडात सतत लवंग. फोटो ज्यावर उमटतो त्या डिटेक्टरला ते पाटी म्हणतात, त्यामुळे आता आम्हीही पाटीच म्हणतो. त्यांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं की आपल्या धंद्यात तीन वाक्यं असतात. श्वास घ्या. रोखून धरा. आता सोडा. पहिली दोन सगळे नीट म्हणतात, कारण त्यावर फोटो अवलंबून असतो. तिसरं गिळतात, कारण तोवर फोटो मिळालेला असतो. नाना म्हणाले, तिसरं विसरलं तरी काही बिघडत नाही म्हणा, माणूस काय आपण सांगेपर्यंत थांबत नाही. पण म्हणावं. बरं दिसतं.

१९ ऑगस्ट, बुधवार

पाय मोडून आलेत. इथे येणाऱ्यांचे मोडलेले असतात तसे नव्हे, नुसते उभं राहून. शिशाचा एप्रन पाच किलोंचा आहे आणि तिसऱ्या तासाला तो दहा किलोंचा होतो. आज अडतीस पेशंट. संध्याकाळी मनगटाच्या आठ हाडांची नावं पाठ करत बसले, चौथ्याला झोप लागली. पुस्तक तोंडावर घेऊन झोपले होते, असं टिटवी सांगते.

पण नानांनी आज स्वतःहून मला छातीच्या एक्स-रेला उभं केलं. बाकीची मुलं दबक्या आवाजात सांगतात आणि पेशंट गोंधळतात. मी बालवाडीतल्या आवाजात म्हटलं. सहा जण झाले, सहाही फोटो पहिल्या झटक्यात स्वच्छ. नानांनी लवंग दुसऱ्या गालात सरकवली. ती त्यांची शाबासकी असते.

१० सप्टेंबर, गुरुवार

आज एक विचित्र प्रकार झाला. थकव्याने मला भास झाला असेल, पण लिहून ठेवते.

आठ महिन्यांचं एक बाळ आलं, खोकला हटत नाही म्हणून. बाळाला काही सांगता येत नाही. त्याच्या पोटाकडे डोळे लावून बसायचं आणि श्वास भरला की बटण दाबायचं, असं शिकवलेलं आहे. त्याच्या आईला एप्रन घालून हात धरायला उभं केलं होतं. बाळ किंचाळत होतं. माझ्या तोंडून नुसत्या सवयीने निघालं, श्वास घ्या, रोखून धरा.

बाळ गप्प झालं. रडं मध्येच तुटलं. पोट वर आलेलं, तसंच राहिलं. मी बटण दाबलं. फोटो मिळाला. पोट तसंच. आई माझ्याकडे बघायला लागली. मग मी म्हटलं, आता सोडा, आणि ते जे रडायला लागलं ते उतार चढून वर जाईपर्यंत ऐकू येत होतं.

रडून रडून बाळं श्वास कोंडतात, हे मला बालवाडीत असल्यापासून माहीत आहे. त्यातलंच असणार. दहा बरगड्या, मोजून.

२८ सप्टेंबर, सोमवार

परवा चाचणी आहे, आज पाठीच्या कण्याची चित्रं काढायची होती, आणि सकाळी साडेसातपासून मी उभी आहे. ताईचा फोन आला तर हूं हूं करत होते. जेवलीस का, या प्रश्नाचं उत्तर मला आठवेना.

लिहायचं ते वेगळंच. साठीचे एक गृहस्थ आले होते. मी त्यांना उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि काचेमागे जाऊन तीन वाक्यं म्हटली. फोटो सुंदर आला. ते गेल्यावर त्यांचा कागद चाळला तर वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: जन्मापासून ऐकू येत नाही, खुणेने सांगावे.

माझ्याकडे त्यांची पाठ होती. काचेमागून मी त्यांना दिसतही नव्हते.

नानांना सांगितलं. ते म्हणाले, असे लोक हुशार असतात, आधी दहा वेळा फोटो काढलेला असतो, त्यांना क्रम पाठ असतो. पटलं. पटवून घेतलं.

१४ ऑक्टोबर, बुधवार

टिटवी माझ्यावर चिडली आहे. सकाळची पाळी करून दुपारी आम्ही दोघी आडव्या झालो होतो. ती दचकून उठली आणि मला गदागदा हलवलं. तिचं म्हणणं, मी झोपेत तीन वाक्यं म्हणत होते आणि तिचा श्वास घशात अडकला. माझं तिसरं वाक्य होईपर्यंत जीव कासावीस झाला. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, तूही दिवसभर तेच ऐकतेस, स्वप्नात येणारच.

ती हसली नाही. मी मधे किती थांबले होते, हे तिने हातांनी दाखवलं. म्हणाली, मावशी, दोन वाक्यं झाल्यावर तुम्ही कूस बदललीत. घोरायला लागलात. मग सोडलंत.

मग तिने उशी उचलून पायथ्याशी ठेवली, माझ्या तोंडापासून लांब.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

काय झालं ते क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

पुरुषांच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होते. पंधरा दिवसांपासून. खाटेवरून हलवता येत नाही म्हणून फिरतं मशीन नेऊन त्यांचा फोटो काढावा लागायचा, आणि ते काम माझ्याकडे होतं. मशीन दिसलं की ते म्हणायचे, आलं माझं पार्सल. काल म्हणाले होते, इतके फोटो तर माझ्या लग्नातही काढले नव्हते.

आज सकाळी दहाला गेले. काल दुहेरी पाळी झाली होती आणि पहाटे उठून शरीररचनेचा निबंध पुरा केला होता. पाटी पाठीखाली सरकवली. श्वास घ्या. रोखून धरा. बटण दाबलं. तेवढ्यात आठ नंबरच्या पेशंटला झटका आला. सिस्टर ओरडल्या, मशीन हलव, मशीन हलव, वाटेत आहे. मी एका हाताने पाटी ओढली, मशीन फिरवलं आणि ढकलत बाहेर काढलं. लिफ्टपाशी उभी राहिले. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. मी मशीनच्या पडद्यावर फोटो बघत होते, बरगड्या मोजत होते. नऊ. दहा.

तेव्हा आठवलं.

धावत गेले. सगळे आठ नंबरभोवती होते. सात नंबर डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते. छाती फुगलेली. मी म्हटलं, सोडा, आता सोडा, आजोबा, सोडा. छातीतून हवा गेली. लांबवर, हळूहळू, फुग्यातून जावी तशी. परत भरली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच गेलेलं होतं, आज ना उद्या होणारच होतं. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मला बाहेर पाठवलं.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमनी तो फोटो आज वर्गात लावला. नाव झाकून. आदर्श छातीचा फोटो कसा असतो ते बघा, खाटेवरचा पेशंट असूनही पुरा श्वास, जराही हललेला नाही. कुणी काढला विचारलं. मुलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. टाळ्या वाजवल्या.

मी उठून वर्गाबाहेर गेले.

ताईला सांगितलं. सगळं नाही. एवढंच की माझ्या हातून विसरलं आणि एक माणूस गेला. ती म्हणाली, दमली आहेस, वेडे, चार दिवस घरी ये. हजेरी कमी आहे म्हणाले. खरं म्हणजे तिच्या घरी झोपायचीच भीती वाटली. तिच्याकडे माणसं आहेत.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आठवडाभर तोंड उघडलं नाही. जाड कागदावर तीन वाक्यं लिहिली आहेत, ती काचेला लावून दाखवते. लोकांना वाचायला वेळ लागतो, मान हलते, फोटो बिघडतात. आज अकरा फोटो परत काढावे लागले. बाहेर रांग भिंतीपर्यंत गेली. लोक कुरकुरतात आणि मला त्यांचं कुरकुरणं बरं वाटतं. कुरकुरायला श्वास लागतो.

झोपताना तोंडाला ओढणी बांधते. टिटवी दुसऱ्या खोलीत गेली. जाताना माझ्या पाया पडली, कशाला ते कळलं नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

नानांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या खात्यावर एक मरण पडतंच, माझ्याही आहे, म्हणून काय मुकी होणार आहेस का? मग मी त्यांना सगळं सांगितलं. बाळ, बहिरे गृहस्थ, टिटवी, सात नंबर.

ते हसले. एप्रन काढून स्वतः पाटीसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, घे, माझ्यावर बघ, मी तुझं न ऐकता श्वास सोडून दाखवतो, मग तुझं डोकं ताळ्यावर येईल. मी नको म्हणत होते. त्यांनी आग्रह धरला.

म्हटलं. पहिलं. दुसरं.

नाना पाठमोरे होते. मी मनात वीसपर्यंत मोजलं. त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं हसतायत. मग त्यांनी एक हात मागे करून हवेत चाचपडला.

आता सोडा!

ते वाकले, गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ उभे राहिले. लवंग जमिनीवर पडली होती. चेहरा राखेसारखा. एकच बोलले.

"कुणाला सांगू नकोस. आणि विसरू नकोस."

त्यांनी आजपासून संध्याकाळची पाळी मागून घेतली.

१६ नोव्हेंबर, सोमवार

प्रात्यक्षिक परीक्षा. कागद दाखवून चालणार नाही, मॅडमनी बजावलं. तोंडाने सूचना दिल्या नाहीत तर नापास, आणि नापास तर वर्ष गेलं. मी तयार झाले, कारण टेबलावर माणूस नव्हता. सरावासाठीचा प्लास्टिकचा पुतळा होता. त्याच्याकडेच बघत, फक्त त्याला, तिन्ही वाक्यं म्हटली. समोर मॅडम आणि बाहेरचे परीक्षक. दोघांचेही श्वास चालू होते, मी नीट पाहिलं. म्हणजे मी ज्याला सांगते त्यालाच लागतं. बाजूच्यांना नाही. एवढा तरी दिलासा.

गुण देताना ऐकायला म्हणून मॅडमनी सगळ्यांच्या सूचना फोनवर टेप करून घेतल्या. मला पंचविसात चोवीस. आवाज उत्तम, असा शेरा.



२० नोव्हेंबर, शुक्रवार

हाडं दुखतात. झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी, ओढणी ओली होते, तोंड आतून सोललं आहे.

हे शिक्षण सोडायचा अर्ज लिहिला. मॅडमनी न वाचता परत दिला. म्हणाल्या, या वेळेला सगळेच अर्ज लिहितात, दुसऱ्या वर्षी हसतात.

बोलताना जपून. ताईशी फोनवर श्वास हा शब्द टाळते. तिला धाप लागली होती जिना चढून. म्हणाली, थांब जरा, श्वास घेते. मी फोन ठेवून दिला.

३ डिसेंबर, गुरुवार

तळघरात नवीन सिटी स्कॅनचं मशीन आलंय, महिनाभर जोडणी चालली होती. आज पहिली पेशंट. या मशीनमध्ये सूचना मशीनच देतं, आधी भरून ठेवलेल्या आवाजात.

मी बँडेजच्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन बाहेरून चालले होते. दार अर्धं उघडं होतं. आतून आवाज आला.

श्वास घ्या. रोखून धरा.

माझा आवाज. बालवाडीतला.

मी वाट बघितली. तिसरं आलं नाही.

गठ्ठा टाकून आत धावले. काचेपलीकडे टेबलावर एक बाई, पिवळ्या ओढणीची, पाय झाडत होती. मशीनवाला चहा ढवळत होता, म्हणाला, घाबरलीय बाई. मी माईकचं बटण दाबून ओरडले, आता सोडा, सोडा!

ती उठून बसली. वीस मिनिटं रडत होती.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, कंपनीचा आवाज परका वाटत होता, तुझा चांगला होता, तुला आनंद होईल वाटलं. तिसऱ्या वाक्यावर परीक्षकांचा खोकला आला होता म्हणून कापलं. श्वास सोडायला कुणी सांगावं लागतं का? मग माझ्याकडे बघत राहिल्या. मला आरशात बघायला सांगितलं. सोमवारपासून पंधरा दिवस रजा, आणि सिटीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

४ डिसेंबर, शुक्रवार

सिटीचं मशीन आज बंद पडलं, म्हणून आजचे आणि उद्याचे पेशंट सोमवारवर. मशीन थंड ठेवणारा पाण्याचा पंप बिघडलाय. सोमवारच्या यादीत अकरा जण. एक नऊ वर्षांची मुलगी आहे.

नानांच्या घरी गेले. दारातच उभं केलं. सगळं ऐकलं. मशीन त्यांना शिकवलेलं आहे. आवाज काढून टाकायला कंपनीच्या माणसाचा परवलीचा शब्द लागतो, नवीन भरायला लागत नाही. मी म्हटलं, मग मी तिसरं वाक्य भरते. तुम्ही चला.

आतून त्यांच्या सुनेचा आणि कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. नाना मागे वळून बघत राहिले.

"मी नाही येणार त्या खोलीत. मला माफ कर, पोरी."

पण किल्ली दिली. एका चिठ्ठीवर क्रमही लिहून दिला. शेवटी लिहिलंय: भरून झाल्यावर एकदा पूर्ण चालवणे, तरच कायमचे साठते.

५ डिसेंबर, शनिवार

पंप दुरुस्त झाला. तंत्रज्ञ संध्याकाळपर्यंत तिथेच. जाता आलं नाही.

उद्या दुपारी. विभाग बंद असतो.

ताईला फोन केला. मी काहीच बोलले नाही, तीच बोलत होती. पडद्यांचं कापड घेतलंय म्हणे. ऐकत राहिले.

६ डिसेंबर, रविवार

दुपारचे दोन. नियंत्रणकक्षात बसले आहे. कोणी नाही. काचेपलीकडे टेबल रिकामं, मशीनचं गोल तोंड. वही आणली, नानांच्या चिठ्ठीवर खुणा करत जाते म्हणजे चुकायला नको. डोकं चालत नाही हल्ली.

माईक लावला. आता सोडा, असं म्हटलं. तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा आवाज बरा लागला. भरला. पडद्यावर आता तीन ओळी दिसतायत.

राहिलं पूर्ण चालवून बघायचं. माझ्या आवाजाचं मला काही होत नाही, दिवसभर मीच म्हणत असते. मग घरी. ताईकडे. खरंच जाईन.

लावते.

—

आवाज बोलला. पहिली दोन्ही वाक्यं.

टेबलावर कोणी नाही. त्याला कोणीतरी लागतं. खोलीत मीच

लिहितेय कारण बोलता येत नाही. छाती भरलेली. बाहेर जात नाही. तोंड उघडं आहे, हवा आतच —

तिसरं आलं नाही

पडद्यावर: फोटोनंतर पुढील सूचना. एक्स-रे नळी थंड आहे. तापवत आहे. १४ टक्के.

दोन दिवस बंद होतं म्हणून. फोटो घेतल्याशिवाय ते तिसरं बोलणार नाही

सोडा सोडा सोडा असं लिहून — नाही. लिहून होत नाही

२७

लाल बटण आहे. दाबलं तर आत्ता भरलेलं तिसरं पुसणार, साठणार नाही. उद्या अकरा जण. मला त्याने सुटका नाहीच. नाही दाबत

कानात ठोके. अक्षर

४१

जो कोणी ही वही — खोकला असो काही असो, ते वाक्य राहू दे

कडा काळ्या होतायत कागदाच्या

५३ फक्त

मॅडम, तिसरं वाक्य काढू